टेंबलाईची पाठ

गडमुडशिंगीला जायला आमच्या घरापासून बसनं अर्धा तास पुरतो. हुपरीकडची कुठलीही गाडी धरायची, उचगाव मागं पडलं की आलंच. तिथं माझी थोरली बहीण राहते आणि तीन वर्षं मी तिच्या घरी गेले नव्हते.

मी रुसले होते. साठीच्या बाईनं रुसणं बरं दिसत नाही, म्हणून मी त्याला वेगवेगळी नावं दिली होती. गुडघे दुखतात, सणाची शिलाई तुंबलीय, ह्यांना एकट्यानं जेवण वाढून घेता येत नाही. मी घरात ब्लाऊज शिवते, त्यामुळं शिलाईचं कारण वर्षभर चालतं. खरं कारण मात्र घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आमची आई मी लहान असतानाच गेली. माझी वेणी घालायची, मला शाळेत सोडायची आणि कुणी मला बोललं तर त्याच्या दारात जाऊन भांडायची, ती अक्का. लग्न करून ती गडमुडशिंगीला गेली, म्हशी सांभाळल्या, शेत केलं, पोरगा नोकरीला लागला. मग त्या पोरानं जुनं घर पाडून स्लॅबचं घर बांधलं आणि वास्तुशांत ठरली. आमच्याकडं कार्याचं बोलावणं घरी येऊन द्यायचं असतं. कपाळाला हळद-कुंकू लावायचं, हातात अक्षता ठेवायच्या आणि तोंडानं सांगायचं. त्यातही पहिलं बोलावणं कुणाला, दुसरं कुणाला, हे ठरलेलं असतं. अक्काच्या घरचं पहिलं बोलावणं माझं. भाच्याच्या लग्नाच्या वेळी पत्रिका छापून यायच्या आधी ती माझ्या दारात उभी होती.

वास्तुशांतीचं बोलावणं आलंच नाही. आज येईल, उद्या येईल म्हणून मी आहेराचा खण आणि तिच्यासाठी शिवलेला ब्लाऊज पिशवीत भरून ठेवला होता. कार्याच्या दिवशी सकाळी शेजारणीच्या मोबाईलवर मला मांडव दिसला. तिच्या कुठल्याशा नातेवाइकानं फोटो टाकले होते. फेटे बांधलेले पुरुष, चुलाण्यावरची पातेली, आणि नव्या साडीत अक्का. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, त्या अजून आठवतात.

दुपारी अक्काचा फोन आला. पंगतीचा गलका ऐकू येत होता. ती म्हणाली, "कुठंवर आलीस गं? पंगत बसली की."

मला वाटलं, ही जखमेवर मीठ चोळतेय. मी एक शब्द न बोलता फोन ठेवला. नंतर तिचे आणखी फोन आले, ते घेतले नाहीत. मग हळूहळू फोन कमी झाले आणि मी म्हणाले, बघा, हिला किती चाड आहे ती.

त्याच सुमारास मी आमच्या कॉलनीतल्या पोथीला जायला लागले. दत्ताच्या देवळाला लागून एक खोली आहे, तिथं आठवड्यातून दोन दुपारी बायका जमतात. कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई पोथी वाचतात आणि अर्थ सांगतात. मी आधी गेले ती घरात पंख्याखाली बसून चिडण्यापेक्षा तिथं बसावं म्हणून. पण बाईंची रीत वेगळी होती. त्या म्हणायच्या, पोथीतला राक्षस बाहेर कुठं शोधू नका, युद्ध तुमच्या आत चाललंय. देवीच्या हातातलं एकेक शस्त्र म्हणजे आपल्याच मनाची एकेक ताकद, आणि गड, नदी, अरण्य, सगळं आपल्याच आत. पोथी वाचून माणूस बदलला नाही तर नुसता घसा दुखतो.

त्यांचा एक नियम होता. पोथीचा अर्थ सांगायचा तर "मी" म्हणून सांगायचा. माझी सासू, माझी जाऊ, माझा नवरा हे शब्द अर्थात येता कामा नयेत. नियम करावा लागला याचं कारण आम्ही बायकाच. राक्षस आपल्या आत असतो म्हटल्यावर आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन प्रत्येकीनं आपापला राक्षस दुसऱ्याच्या अंगात शोधून काढला. एकीला तो नणंदेत सापडला, एकीला विहिणीत. मला अर्थातच गडमुडशिंगीत. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बघायला आता शास्त्राचा आधार मिळाला होता.

मला ही विद्या फार आवडली. दूध उतू गेलं की मी म्हणायचे, वासना उतू जाते ती अशीच. ह्यांची चप्पल हरवली तेव्हा देहभावावर थोडं बोलले. ह्यांनी ऐकून घेतलं आणि चहा पीत म्हणाले, "आधी तू नुसती रुसायचीस. आता अर्थ सांगून रुसतेस." त्या दिवशी मी त्यांना संध्याकाळी फक्त भात केला.

नवरात्राच्या आधी बाईंनी गावाचीच कथा वाचायला घेतली. कोल्हापुरातल्या पोराटोरालाही ती येते. अंबाबाईनं कोल्हासुराला मारलं आणि मरताना त्यानं मागितलं की माझं नाव या गावाला राहू दे, वर्षातून एकदा माझ्या नावानं कोहळा फोड. देवीनं ते दिलं. बाई म्हणाल्या, बघा, जे मारलं त्याचंच नाव आपण रोज पत्त्यावर लिहितो. राग एकदा मारला म्हणजे संपला असं होत नाही, त्याची दरवर्षी आठवण ठेवावी लागते. मला हे पटलं. आमच्या घरात तर दर आठवड्याला ठेवावी लागते.

कथेचा पुढचा भाग मला त्याहून जवळचा होता. त्या लढाईत टेंबलाईनं अंबाबाईला मदत केली. पण जिंकल्यावर आनंदसोहळा झाला तेव्हा तिलाच बोलवायचं राहिलं. टेंबलाई रुसली, गावाबाहेरच्या टेकडीवर गेली आणि गावाकडं पाठ करून बसली. मग अंबाबाईला स्वतः तिच्याकडं जावं लागलं. म्हणून अजूनही नवरात्रात पंचमीला पालखी टेकडीवर जाते, तिथं कोहळा फुटतो, दोघींची भेट होते.

लहानपणापासून ऐकलेली कथा, पण त्या दुपारी ती मला पहिल्यांदा कळली असं वाटलं. लढताना हवी, सोहळ्याला नको. अक्काच्या बाळंतपणात मी महिनाभर तिच्याकडं राहिले होते, म्हशीचं शेणसुद्धा काढलं होतं. मग मीच नाही का टेंबलाई? आणि पालखी कुणी आणायची असते? थोरलीनं. देवाधर्मातच तसं लिहिलंय म्हटल्यावर मी कशाला हलू. मी जास्तच निवांत पाठ करून बसले.

पंचमीला चार-सहा दिवस असतील. भाचेसुनेचा फोन आला. सांगू की नको अशा आवाजात ती म्हणाली, "मावशी, आईंना हल्ली आठवत न्हाय हो. परवा डेअरीत दूध घालाया गेल्या आन् घरची वाट चुकल्या. तुमचं नाव काढत्यात सारखं."

मी तिला काय सांगितलं? मी सांगितलं की अगं, आपण सगळेच वाट चुकलोय. आपण कोण, कुठून आलो, याचाच सगळ्यांना विसर पडलाय. हीच माया. नामस्मरण कर म्हणावं. पोरगी बरं म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. फोन खाली ठेवताना मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. इतकं नीट तर बाईंनाही सांगता आलं नसतं.

पुढच्या पोथीला बाईंनी विचारलं, टेंबलाईच्या रुसण्याचा अर्थ कोण सांगतंय. मी वाटच बघत होते. मी म्हणाले, मी टेंबलाई आहे. माझा मान राहिला म्हणून मी पाठ फिरवून बसलेय आणि पालखीची वाट बघतेय. बायकांनी चांगल्या माना डोलावल्या. बाईंनी विचारलं, पालखीत कोण आहे? मी म्हणाले, अक्का. बाई म्हणाल्या, नियम मोडला. टेंबलाई तुम्ही असाल तर पालखीही तुमच्याच आत पाहिजे. सांगा, पालखीत कोण?

भर बायकांत असं अडवलं की मला राग येतो. विषय बदलावा म्हणून मी म्हणाले, माझी बहीण तर अगदी अज्ञानात बुडालीय, आणि भाचेसुनेच्या फोनची सगळी हकीकत सांगितली. वाट चुकली ते, आणि मी मायेबद्दल काय समजावलं तेही. आता तरी बाई शाबासकी देतील असं मला वाटलं.

बाईंनी पोथी मिटली. कधीपासून असं होतंय, त्यांनी विचारलं. एकच गोष्ट परत परत विचारतात का? डॉक्टरला दाखवलं का? मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, हे प्रतीक नाही. हे दुखणं आहे."

सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या आणि मला भयंकर अपमान झाल्यासारखं वाटलं. मी चपला घातल्या आणि घरी आले. ह्यांना सांगितलं की पोथी बंद. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही ही म्हण त्यांची आवडती आहे, पण त्या दिवशी ती त्यांनी काढली नाही. मी मशीनवर बसले आणि एका गिऱ्हाईकाच्या ब्लाऊजला डावी बाही उजवीकडं लावली. उसवून परत लावली. बाही लावता लावता सारखा एकच प्रश्न डोक्यात येत होता. कधीपासून?

पंचमीला पालखी आमच्याजवळून, टाकाळ्यावरून जाते. रस्त्यावर रांगोळ्या काढतात, बायका औक्षणाला ताटं घेऊन उभ्या असतात. दरवर्षी मी तिथूनच नमस्कार करून घरी येते. त्या वर्षी पालखीच्या मागं चालत टेकडीवर गेले. गुडघे दुखत होते, ते खरोखरच दुखतात. वर ही गर्दी. एका कुमारिकेच्या हातून कोहळा फोडतात आणि फुटला की तुकड्यासाठी अशी झोंबाझोंबी होते की पोलिसांनाही आवरत नाही. मीही घुसले. एका तरण्या माणसाला कोपर मारलं, तो म्हणाला, "मावशी, दमानं की." पण बोटभर तुकडा माझ्या हाती लागला. तो रुमालात बांधून मी कडेला एका कट्ट्यावर बसले.

तिथून खाली सगळं गाव दिसतं. मी बसल्या बसल्या विचार केला की टेंबलाईला यातलं काही दिसत नसणार. तिची पाठ इकडं. पालखी निघाली, चौकातून वळली, चढण चढली, दारात आली, तरी पाठ फिरवून बसलेल्याला ते कळायचं कसं? आणि मला अक्काचा फोन आठवला. कुठंवर आलीस गं, पंगत बसली की.

ती मला खिजवत नव्हती. आपण बोलावलंय असंच तिला वाटत होतं. सगळ्यांच्या आधी माझ्या घरी येऊन कुंकू लावून गेलोय, असं तिला वाटत होतं. पंगत बसली तरी धाकटी आली नाही म्हणून ती पातेल्यांच्या गलक्यात फोन लावून विचारत होती. तेव्हापासून. बाईंनी विचारलेल्या 'कधीपासून'चं उत्तर माझ्याकडं तीन वर्षं पडून होतं. पालखी त्याच दिवशी माझ्या दारात आली होती आणि मी फोन ठेवला होता.

मी तिथंच बसून रडले. नवरात्रात देवळात रडणाऱ्या बाईकडं कुणी फारसं बघत नाही, ते एक बरं असतं. मग डोळे पुसले, टेकडी उतरले आणि घरी जायला रिक्षा न करता हुपरीच्या गाडीत बसले.

अक्का नव्या घराच्या पायरीवर बसली होती. घर आता नवं राहिलं नव्हतं, रंगावर पावसाचे ओघळ आले होते. ती फार वाळली होती. ब्लाऊज खांद्यावरून उतरत होता, आणि तो माझ्याच हातचा होता. मला बघून तिचं तोंड फुललं. तिनं मला ओळखलं, नावानं हाक मारली. मी तिच्या पाया पडले तर म्हणाली, आधी हातपाय धू, जेवलीस का. भाचेसून आतून आली आणि मला बघून दारातच थांबली. तिच्याकडं बघायची मला लाज वाटली.

मी अक्काच्या शेजारी पायरीवर बसले. वाटेत सगळं बोलणं जुळवलं होतं, त्यातलं काहीच आठवेना. शेवटी म्हणाले, "अक्का, मी रुसलते गं."

"कुणावर?"

"तुझ्यावर."

तिला हसू आलं. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून ती म्हणाली, "मग मला सांगायचं की. मी आलो असतो."

ती सांगत होती ते अगदी खरं होतं. ती आली असती. शेणाचे हात तसेच पदराला पुसून, पहिली गाडी धरून आली असती.

थोड्या वेळानं तिनं मला परत विचारलं, जेवलीस का. मग आणखी थोड्या वेळानं, कधी आलीस. मी रुसले होते हे तिच्या मनातून गेलं होतं. माझी ती कबुली तिच्यापाशी राहिलीच नव्हती. भाचेसुनेनं चहा आणला आणि माझ्या शेजारी बसून सांगितलं की कोल्हापुरात एका डॉक्टरांकडं नेलं होतं, गोळ्या चालू आहेत, थोडा फरक पडेल म्हणतात, पण गेलेलं परत यायचं नाही. मी तिला म्हणाले की पुढच्या वेळी दवाखान्याला मी बरोबर येईन. मायेचा विषय मी काढला नाही. तिनंही काढला नाही, ही तिची थोरवी.

चहा पिता पिता मला बाईंचा प्रश्न आठवला. पालखीत कोण? आता रुसलेली मीच आणि समजूत काढायलाही मीच उरले होते. अक्काला आमचं भांडण झालेलंच माहीत नव्हतं. तीन वर्षं टेकडीवर मी एकटी बसले होते आणि उतरायचं तेही मलाच होतं. पोथीला हे किती वेळा ऐकलं होतं, की सगळी पात्रं आपल्याच आत. ते इतकं शब्दशः असेल असं वाटलं नव्हतं. फार वाईट वाटलं मला. मन हलकं वगैरे काही झालं नाही.

कोहळ्याचा तुकडा अक्कानं हातात घेतला, कपाळाला लावला आणि सुनेला दाराच्या चौकटीला बांधायला सांगितलं. पंचमी आहे हे तिला बरोबर कळलं. शेवटच्या गाडीची वेळ होत आली तशी मी उठले. अक्का म्हणाली थांब, आणि आत गेली. बराच वेळ आली नाही. डबे वाजल्याचा आवाज येत होता. भाचेसून बघायला निघाली तेवढ्यात ती बाहेर आली. एका हातात हळदी-कुंकवाची कोयरी, दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली.

तिनं माझ्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं. बोट बरोबर कपाळाच्या मध्ये आलं. माझा हात ओढून तिनं त्यात अक्षता ठेवल्या आणि मूठ मिटवली.

"रविवारी वास्तुशांत हाय," ती म्हणाली. "अजून कुणाला सांगितलं न्हाय. पयलं तुझ्याकडं आलोय. दोघांनीबी याचं."

भाचेसून तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावत होती. मी म्हणाले, "येतो की." अक्काच्या तोंडावर काम झाल्याचं समाधान दिसलं. ती मला फाटकापर्यंत सोडायला आली आणि गाडी वळेपर्यंत उभी राहिली. अक्षता मी कोहळ्याच्या रिकाम्या रुमालात बांधून घरी आणल्या.

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. कपाटाच्या तळातली पिशवी काढली. तीन वर्षांपूर्वीचा खण तसाच होता. ब्लाऊज उसवला आणि अंदाजानं दोन्ही बाजूंनी आत घेऊन परत शिवला.

रविवारी सकाळी मी ठेवणीतली साडी नेसले आणि आहेराची पिशवी घेऊन बाहेर आले, तर हे टोपी घालून, न सांगता, आधीच दारात उभे होते.